शिखरजीहून काठमांडूकडे, स्वतःच्या मोटारीने

सम्मेदशिखरजीची यात्रा स्वतःच्या मोटारीने करणारी कुटुंबे आपल्या समाजात आता पुष्कळ झाली आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, जळगाव येथून निघालेल्या गाड्या मधुबनच्या धर्मशाळांच्या आवारात ओळीने उभ्या दिसतात. पर्वताची वंदना झाली, पावापुरी आणि राजगृही झाली, की घरातील तरुण मंडळींच्या मनात एक विचार हमखास येतो : इथवर आलोच आहोत, तर नेपाळ असे कितीसे दूर? नकाशावर ते खरोखरच दूर नाही. पाटण्याहून रक्सौलची सीमा सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. परंतु त्या दोनशे किलोमीटरांच्या शेवटी एक छोटा पूल आहे आणि तो ओलांडताना आपल्या गाडीचा दर्जा बदलतो. पुलाच्या अलीकडे ती आपली मालमत्ता असते. पलीकडे ती परत जाण्याच्या बोलीवर आत घेतलेली पाहुणी असते. ही बोली कोणती, ती कोणत्या कागदांवर लिहिली जाते आणि ती पाळणे श्रावकासाठी केवळ कायद्यापुरती गोष्ट का नाही, हे या मार्गाच्या निमित्ताने सांगावयाचे आहे.

नेपाळशी आपले नाते पर्यटनापुरते नाही. श्वेतांबर परंपरा सांगते की, पाटलीपुत्र येथे आगमांची वाचना झाली तेव्हा अंतिम श्रुतकेवली भद्रबाहुस्वामी नेपाळात महाप्राण ध्यानाच्या साधनेत होते आणि पूर्वांचे ज्ञान घेण्यासाठी स्थूलभद्र त्यांच्याकडे गेले. दिगंबर परंपरेत भद्रबाहुस्वामींचे नाव दक्षिणेकडील विहाराशी आणि श्रवणबेळगोळशी जोडलेले आहे. दोन्ही परंपरा आपापल्या जागी आदरणीय आहेत. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ आणि एकविसावे नमिनाथ यांची जन्मभूमी म्हणून मिथिलेचे नाव तर सर्वत्र घेतले जाते. त्या प्राचीन मिथिलेच्या मधून आज दोन राष्ट्रांची सीमारेषा गेली आहे. आपण ज्याला परदेश म्हणतो तो प्रदेश आपल्या पुराणांच्या भूगोलात आपलाच आहे. मात्र आजच्या सीमाशुल्काच्या खिडकीवर पुराणांचा भूगोल चालत नाही.

येथे पहिला भेद ध्यानात घ्यावा. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यास व्हिसा लागत नाही. त्यामुळे अनेकांचा समज असा होतो की, माणसे मोकळेपणाने जातात तशी गाडीही जात असावी. तसे नाही. माणसाला मोकळीक आहे, वाहनाला अनुमती आहे. माणूस नेपाळात राहिला तर तेथील तिजोरीचे काही बुडत नाही. गाडी राहिली तर बुडते. नेपाळात बाहेरून आणलेल्या पेट्रोल-डिझेल मोटारीवर सीमाशुल्क, अबकारी आणि इतर कर मिळून मूळ किमतीपेक्षाही अधिक बोजा पडतो. आपल्याकडे मध्यमवर्गीय मानली जाणारी गाडी तेथे त्यामुळेच फार महाग पडते. कोणी भारतीय क्रमांकाची गाडी आत नेऊन तेथेच ठेवली अथवा विकली, तर एवढा कर चुकला असे होते. सीमेवरची सारी तपासणी या एका कारणातून आलेली आहे. हे कारण समजले की खिडकीवरच्या माणसाचा राग येत नाही.

आता घरून निघतानाच्या तयारीविषयी. पहिला कागद म्हणजे गाडीचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र. आपल्या देशात मोबाईलवरील डिजिलॉकरमधली प्रत पोलीस मान्य करतात. सीमेपलीकडे मूळ कार्डच हातात हवे. गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असेल तर प्रश्न उरत नाही. परंतु व्यापारी कुटुंबांत गाडी क्वचितच चालवणाऱ्याच्या नावावर असते. कुठे ती पेढीच्या नावावर घेतलेली असते, कुठे एकत्र कुटुंबाच्या, कुठे वडिलांच्या वा वहिनींच्या. हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल, पण सीमेवरचा अधिकारी प्रमाणपत्रावरचे नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव ताडून पाहतो. गाडी पेढीची असेल तर पेढीच्या छापील कागदावर, भागीदाराच्या सहीशिक्क्यासह, अमुक क्रमांकाची गाडी अमुक व्यक्ती अमुक काळासाठी नेपाळला नेत आहे, असे अधिकारपत्र घ्यावे. गाडी नातेवाइकाची असेल तर तसेच पत्र नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावे व सोबत मालकाच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर तसा बोजा नोंदणी प्रमाणपत्रावरच लिहिलेला असतो. अशा वेळी गाडी देशाबाहेर नेण्यास हरकत नसल्याचे बँकेचे पत्र जवळ असावे. ही पत्रे मराठीत नकोत, इंग्रजीत अथवा हिंदीत हवीत.

दुसरा कागद विम्याचा. याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. आपल्या मोटार विम्याच्या पॉलिसीत भौगोलिक क्षेत्र या नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे सामान्यतः केवळ भारत असे लिहिलेले असते. याचा सरळ अर्थ असा की, पुलापलीकडे पाऊल पडताच हजारो रुपयांचा हप्ता भरलेली पॉलिसी मुकी होते. गाडीचे नुकसान झाले, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपल्या गाडीने कोणाला इजा झाली, तर भरपाई घरातून द्यावी लागते. यावर उपाय सोपा आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपुरते भौगोलिक क्षेत्र वाढवून देण्याची तरतूद आपल्या विमा कंपन्यांकडे पूर्वीपासून आहे. त्यासाठी थोडा ज्यादा हप्ता भरावा लागतो आणि पॉलिसीला तशी लेखी पुरवणी जोडली जाते. ती छापील स्वरूपात गाडीत ठेवावी. रस्त्यावर गाडी बंद पडल्यास मिळणारी मदतसेवा सीमेपलीकडे लागू आहे काय, हेही त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

तिसरा कागद चालकाचा परवाना. भारतीय परवाना नेपाळात चालतो. मात्र दोन चालक असतील तर दोघांचेही मूळ परवाने हवेत. यांशिवाय पीयूसी प्रमाणपत्र जवळ ठेवावे. गाडी खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीची असावी; भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या वाहनांचे नियम निराळे आहेत.

माणसांच्या ओळखीसाठी पारपत्र अथवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोन गोष्टी निःशंक चालतात. पासष्ट वर्षांवरील आणि पंधरा वर्षांखालील भारतीयांना यात सवलत आहे. त्यांना छायाचित्र, वय व ओळख दाखवणारे आधारसारखे अन्य पत्र पुरते. ज्या घरांत आजी-आजोबांनी पारपत्र कधी काढलेच नाही, त्यांच्यासाठी ही सवलत मोलाची आहे. मधल्या वयाच्या मंडळींनी मात्र केवळ आधारकार्डावर विसंबून राहू नये.

एवढी सिद्धता असली म्हणजे पुढचा मार्ग सुखाचा होतो, आणि तो मार्ग आपल्या दृष्टीने सामान्य नाही. पाटण्याला गंगा ओलांडून हाजीपूरवरून गेले की वैशाली लागते. भगवान महावीरांचे जन्मस्थान कोणते याविषयी परंपरेत एकाहून अधिक मते आहेत. नालंदेजवळचे कुंडलपूर, लछुआड आणि वैशालीजवळचे वासोकुंड ही तिन्ही स्थाने श्रद्धेने वंदिली जातात. वैशालीत प्राकृत, जैनशास्त्र आणि अहिंसा यांच्या अध्ययनाचे संस्थानही आहे. वासोकुंडाच्या परिसरात भोवताली सपाट शेते, बांबूची बेटे आणि आमराया आहेत. गणराज्यांच्या त्या भूमीत उभे राहिले की, वर्धमानांनी सोडले ते काय होते याची थोडी कल्पना येते.

वैशालीहून उत्तरेस मोतिहारी. गांधीजींच्या १९१७ च्या चंपारण सत्याग्रहाचे हे गाव. तेथून रक्सौलच्या वाटेवर सुगौली लागते. प्रवासी सहसा येथे थांबत नाहीत. पण जी सीमा आपण ओलांडणार असतो तिचा जन्म या गावाच्या नावाने झालेला आहे. इंग्रज आणि गुरखे यांच्यातील युद्धानंतर १८१६ मध्ये अमलात आलेला सुगौलीचा तह हा आजच्या भारत-नेपाळ सीमेचा पाया आहे. त्या तहापूर्वी या तराईच्या रानांतून माणसे, बैल, मीठ आणि कापड कशीही ये-जा करीत होती. रेषा माणसाने आखली. एकदा आखल्यावर ती पाळण्याची जबाबदारीही माणसाचीच झाली.

रक्सौल हे गर्दीचे, धुळीचे, मालट्रकांनी भरलेले गाव आहे. नेपाळच्या व्यापाराचा फार मोठा भाग याच दारातून जातो. तेथे शक्यतो सकाळी लवकर पोहोचावे. आमची दोन कुटुंबे दोन गाड्या घेऊन कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपल्यावर गेली होती. सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी ओळखपत्रे पाहिली, कुठे जाणार ते विचारले आणि गाड्या मैत्री पुलावर सोडल्या. पूल संपताच वीरगंज. समोर शंकराचार्य द्वार उभे आहे आणि अलीकडेच भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय. भन्सार हा शब्द प्रवाशाने पाठच करून ठेवावा. पुढच्या प्रत्येक तपासणी नाक्यावर पोलीस हाच शब्द उच्चारतात.

भन्सारमध्ये अर्ज भरावयाचा असतो : गाडीचा क्रमांक, इंजिन व सांगाड्याचा क्रमांक, मालकाचे व चालकाचे नाव, किती दिवस राहणार. जितके दिवस सांगावे तितक्या दिवसांचे शुल्क नेपाळी रुपयांत भरून पावती मिळते. एका वर्षात एका भारतीय खासगी गाडीला अधिकांत अधिक ३० दिवस मिळतात. त्याचबरोबर वाहतूक खात्याचा प्रवेश परवानाही घ्यावा लागतो. शुल्काचा चालू दर खिडकीजवळच्या फलकावर वाचून घ्यावा. मध्यस्थांचा घोळका भोवती असतोच, पण काम स्वतः रांगेत उभे राहून होते. आमच्यापुढे एक कुटुंब उभे होते. त्यांची गाडी मेहुण्यांच्या नावावर होती आणि पत्र नव्हते. मेहुणे नागपुरात, वृद्ध आईवडील गाडीत बसलेले आणि रात्रीचा मुक्काम काठमांडूत ठरलेला. बरीच विनवणी झाली, परंतु शेवटी त्यांना गाडी रक्सौलला ठेवून भाड्याच्या जीपने जावे लागले. आमच्यातली एक गाडी पेढीच्या नावावरची होती. तिच्यासाठी दोन्ही भागीदारांच्या सह्यांचे पत्र होते. अधिकाऱ्याने ते वाचले, प्रत ठेवून घेतली आणि पाच मिनिटांत पावती दिली. दोन गाड्यांच्या नशिबातला फरक एका कागदाचा होता.

पावतीवरील तारीख मात्र नीट पाहावी. नेपाळचे सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतात. आपल्या चोपड्यांमुळे संवत आपणांस परका नाही. पण आपल्या गुजराती आणि मारवाडी बांधवांच्या चोपड्यातला संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बदलतो, तर नेपाळचा एप्रिलच्या मध्यास, वैशाखाच्या आरंभी. शिवाय तेथील महिने सौर आहेत. नोव्हेंबरच्या मध्यास त्यांचा मंसिर सुरू होतो, तो आपल्या मार्गशीर्षाशी तिथीने जुळत नाही. म्हणून पावतीवर लिहिलेला अखेरचा दिवस इंग्रजी तारखेने कोणता, हे खिडकीवरच विचारून त्याच पावतीच्या पाठीमागे लिहून ठेवावे.

ही तारीख चुकवणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या शास्त्राच्या आधारे करावासा वाटतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक आहे. राज्याने घातलेले निर्बंध ओलांडून, कर चुकवून देवघेव करणे हा त्याचा आशय आचार्यांनी सांगितला आहे. खोटी वजने आणि मापे वापरणे, भेसळीचा माल खरा म्हणून देणे यांच्याच पंक्तीत त्यास बसविले आहे. याचा अर्थ असा की, सीमा आणि कर यांचा प्रश्न आचार्यांनी केवळ राजाचा मानला नाही. तो व्रताचा मानला. गाडीच्या डिकीत विक्रीच्या कापडाचे नमुने, जवाहिऱ्याच्या पुड्या किंवा येताना स्वस्त मिळाले म्हणून भरलेला माल नेणे हे अचौर्याच्या मर्यादेबाहेरचे आहे, मग तो माल थोडा असो वा पुष्कळ. यात्रेची गाडी यात्रेपुरतीच असू द्यावी.

दुसरे व्रत दिग्व्रत. दिशांची मर्यादा घालून घेणारे श्रावक आज थोडे असले, तरी त्या व्रताच्या अतिचारांत स्मृत्यंतराधान हा एक सांगितला आहे : आपणच घालून घेतलेल्या मर्यादेचा विसर पडणे. भन्सारच्या पावतीइतके याचे चपखल उदाहरण क्वचितच सापडेल. पाच दिवस सांगितले, पोखरा आवडले, सात दिवस झाले, तारखेची आठवणच राहिली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती गाडी आता विनापरवाना आहे; दंड होतो आणि मुदत फार उलटली असेल तर गाडी अटकावून ठेवण्यापर्यंत प्रकरण जाते. हेतू वाईट नव्हता हे खरे, परंतु विसर हाही दोषच आहे, असे आपली परंपरा फार पूर्वी सांगून गेली आहे. म्हणून ठरल्यापेक्षा एकदोन दिवस अधिक लिहून शुल्क भरावे, हा शहाणपणाचा मार्ग.

वीरगंजहून रस्ता सिमरा, पथलैया असा तराईच्या सालवनातून हेटौडास जातो. वाटेत अमलेखगंज लागते. १९२७ मध्ये रक्सौलपासून येथपर्यंत छोटी रेल्वे आली होती. आज ती नाही, पण मोतिहारीहून निघालेली पेट्रोलियमची नळवाहिनी २०१९ पासून येथेच संपते. गाडीत भरावयाचे इंधन म्हणजे आपल्याच देशातून आलेले असते. त्या काळी अमलेखगंजापुढे मोटार भीमफेदीपर्यंत जाई आणि तेथे रस्ता संपे. मग राणांच्या राजवाड्यांसाठी घेतलेल्या मोटारी बांबूंच्या चौकटीवर बांधून हमालांचे जथेच्या जथे डोंगर चढत आणि चंद्रागिरीच्या खिंडीतून काठमांडूच्या खोऱ्यात उतरवीत. आज माणसे गाडीत बसून जातात, तेव्हा गाडी माणसांच्या खांद्यावर बसून जात होती. ज्या वस्तूने आपला भार वाहावा, तिचाच भार शेकडो माणसांनी वाहिला. परिग्रहाविषयी प्रवचनात ऐकतो ते या वाटेवर डोळ्यांपुढे उभे राहते.

भारताच्या साहाय्याने बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये पूर्ण झाला आणि हमालांची ती यातायात संपली. हेटौडाहून हा राजपथ वळणे घेत सुमारे २,४८८ मीटर उंचीच्या सिमभंज्याङ खिंडीपर्यंत चढतो. जवळच्या दामनहून आकाश स्वच्छ असेल तर हिमालयाची लांब रांग दिसते. रस्ता अरुंद आहे. ज्याला घाटाचा सराव नाही त्याने नारायणगढ आणि मुग्लिङवरून जाणारा, लांबचा पण मोठा रस्ता घ्यावा. वीरगंजहून त्या मार्गाने काठमांडू सुमारे २८० किलोमीटर पडते. अंतरावर जाऊ नये. पूर्ण दिवस धरावा.

या वाटेसाठी गाडीत काय असावे? हवा तपासलेली स्टेपनी, जॅक आणि पाना, गाडी बंद पडल्यास मागे ठेवावयाचा लाल परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, ओढण्याचा मजबूत दोर, चढावर चाकाखाली लावावयास दोन लाकडी ठोकळे, विजेरी, छोटे अग्निशामक सिलिंडर, आणि प्रत्येकी एक चमकत्या पट्ट्यांचा अंगरखा. धुक्याचे दिवे चालू आहेत का पाहावे, कारण पौष-माघात तराईत दाट धुके असते. ब्रेक आणि कुलंट निघण्यापूर्वीच तपासून घ्यावेत. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी; सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होतात. एक सोय अशी की, नेपाळातही वाहतूक डावीकडूनच चालते, त्यामुळे डोळ्यांना आणि गाडीच्या दिव्यांना नवे काही शिकावे लागत नाही. पाट्या देवनागरीत असल्यामुळे आजींनाही वाचता येतात. तेथील खासगी गाड्यांच्या जुन्या पाट्या लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांच्या. त्यांत आपली पांढरी पाटी दुरूनच ओळखू येते. म्हणून तपासणीला वारंवार थांबवले तर नवल मानू नये. भन्सारची पावती, परवाना, नोंदणी आणि विमा एका पिशवीत समोरच ठेवावे.

पैशांबद्दल. १९९३ पासून भारतीय १०० रुपयांस नेपाळी १६० असा दर स्थिर आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. म्हणून शंभराच्या नोटा न्याव्यात, त्या सर्वत्र स्वीकारल्या जातात. आपला फास्टॅग तेथे चालत नाही. अडचणीत पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि वाहतूक पोलिसांसाठी १०३ हे क्रमांक आहेत. वीरगंजला भारताचे वाणिज्य दूतावास आहे आणि काठमांडूत राजदूतावास. दोन्हींचे दूरध्वनी निघण्यापूर्वी लिहून ठेवावेत.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटे आहे, आणि काठमांडू मुंबईच्या बरेच पूर्वेस व उत्तरेस आहे. नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. काठमांडूत तेथील घड्याळाप्रमाणे सव्वापाचच्या आधीच. पाऊण तासाचा हा फरक विसरला तर भोजनही चुकते आणि घाटात अंधारही पडतो. दुपारी साडेचारनंतर घाटात गाडी ठेवायचीच नाही, असे ठरवले की व्रत आणि सुरक्षितता दोन्ही सांभाळली जातात. वाटेवर डाळ-भात आणि भाजी सर्वत्र मिळते; कांदा-लसूण नको हे आधी सांगावे, आणि सुके फराळाचे डबे सोबत असावेत.

ऋतूची निवड तर आपल्या परंपरेनेच करून ठेवली आहे. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवितात आणि श्रावकही अनावश्यक प्रवास टाळतात. कारण जीवहिंसेचे आहे. त्याच महिन्यांत या डोंगरांत दरडी कोसळतात. १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच नारायणगढ-मुग्लिङ मार्गावर सिमलताल येथे दरडीने दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत लोटल्या आणि अनेक जीव गेले. वर्षायोगाचा नियम पाळणारे कुटुंब त्या दिवसांत त्या रस्त्यावर नसते.

काठमांडूत शिरताना एक सुखद आश्चर्य वाटते. एवढ्या गर्दीच्या शहरात भोंग्यांचा कलकलाट फार कमी आहे. २०१७ च्या एप्रिलपासून, नेपाळी संवत २०७४ च्या पहिल्या दिवसापासून, खोऱ्यात विनाकारण हॉर्न वाजविण्यास बंदी आहे. भारतीय चालकाचा हात सवयीने तेथे जातोच, आणि आमच्यासारख्या प्रवाशांना दंडही होऊ शकतो. आमच्या घरातील आजी यावर म्हणाल्या, ‘गाडीचेही मौन असते तर!’ कमलपोखरी येथे भगवान महावीर जैन निकेतन आहे. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांची उपासना तेथे एकाच वास्तूत होते. राजस्थानातून व्यापारासाठी आलेल्या मारवाडी जैन कुटुंबांनी परक्या देशात धर्म कसा जपला, हे तेथे पाहावयास मिळते.

नेपाळ हा स्वतःच्या मोटारीने परदेशी जाण्याचा आपल्यासाठी सर्वांत सोपा धडा आहे. याहून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी बोली तीच, जामीन मोठा. दूरच्या अनेक देशांत गाडीसाठी ‘कार्ने’ नावाचे सीमाशुल्काचे पुस्तक लागते. गाडी परत नेली जाईल याची हमी त्यात मोटार संघटना देते आणि त्यासाठी आपल्याकडून मोठी अनामत घेते. मुंबईत १९१९ पासून असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम पाहते. चालकाला प्रादेशिक परिवहन कार्यालयातून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा लागतो. तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. गाडीवर भारताचे चिन्ह लावावे लागते. युरोपात वाहतूक उजवीकडून, म्हणून आपल्या गाडीच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये यासाठी काचेवर विशिष्ट पट्ट्या चिकटवाव्या लागतात. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये परावर्तक त्रिकोण व चमकता अंगरखा कायद्यानेच आवश्यक आहेत. हिऱ्यांच्या व्यापारामुळे आपल्या अनेकांची नाती जेथे आहेत, त्या अँटवर्प शहरात २०१७ पासून प्रदूषणमर्यादेचे क्षेत्र आहे. तेथे शिरणाऱ्या परदेशी गाडीची नोंद न केल्यास दंड होतो. विल्राइकच्या जैन मंदिराकडे निघालेल्या पाहुण्यांनीही आपल्या मार्गाचा नकाशा या क्षेत्राशी ताडून घ्यावा.

मुनिमहाराजांच्या विहारास यांतील कोणताही कागद लागत नाही. पिंछी आणि कमंडलू यांवर कोणत्याही देशाचे सीमाशुल्क नाही. जितका परिग्रह अधिक, तितके त्याचे खुलासे अधिक. हे सीमेवर जितके स्वच्छ दिसते तितके घरी दिसत नाही. आपण गृहस्थ आहोत, गाडी सोडून पायी निघणार नाही. मग निदान ईर्यासमितीची थोडी छाया आपल्या चालवण्यावर पडावी : पुढची जमीन पाहून जावे, कोणाला इजा होऊ नये, आणि दिलेला शब्द दिलेल्या दिवशी पुरा व्हावा.

परतताना म्हणूनच एक काम घाईत विसरू नये. भन्सारच्या खिडकीवर थांबून पावती दाखवावी आणि गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्यावी. शिक्का मारून मिळालेली ती प्रत घरी आल्यावर पेढीच्या फायलीत लावून ठेवावी. पुढच्या वर्षी पुन्हा जावयाचे झाले, तर त्या खिडकीवर आपली पत तीच सांगते.